बर्फावर आमिष निवडताना

स्ट्रोकनंतर काकांकडे एकच शब्द उरला होता: 'नो'. भूक लागली तरी नो, पोट भरलं तरी नो, मुलीने पांघरूण सारखं केलं तरी नो.

काका म्हणजे कॅनडात, विनिपेगमधले आमचे शेजारी. रेल्वेच्या यार्डात मेकॅनिक होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात मला धड बर्फ शोव्हल करता येईना, ते खिडकीतून बघून आपलं फावडं घेऊन आले आणि अर्धा ड्राइव्हवे साफ करून गेले. त्यानंतर पाच हिवाळे ते मला गोठलेल्या तळ्यावर लेक ट्राउट मासे धरायला नेत राहिले. आमचं बोलणं इंग्रजीतच, पण मनात मी त्यांना काकाच म्हणायचो.

त्या पाच हिवाळ्यांत मी एकदाही आमिष निवडलं नाही. बर्फाला भोक पाडणं, तंबू उभारणं ही माझी कामं. आमिषांचा डबा उघडायचे ते. आधी आभाळाकडे बघायचे. ऊन असलं तर चांदीसारखा पत्र्याचा चमचा. हिसका दिला की तो लखलखतो आणि मासा लांबून येतो. ढगाळ असलं तर रबराची पांढरी नळी, तिच्यात शिशाचं वजन. ती जखमी मासोळीसारखी गिरक्या घेत खाली जाते. "त्याला आधी दिसलं पाहिजे, मग पटलं पाहिजे," ते म्हणायचे. मी मान डोलवायचो. शिकून घ्यावं असं वाटलंच नाही. ते होतेच की.

नोव्हेंबरात त्यांची उजवी बाजू गेली. कॅल्गरीहून मुलगी आली. घर विकायला काढलं आणि मार्चमध्ये त्यांना तिकडच्या केअर होममध्ये न्यायचं ठरलं. फेब्रुवारीत मी तिला विचारलं, "एकदा तळ्यावर नेऊ का त्यांना?"

ती म्हणाली, "तुझ्या जबाबदारीवर ने. आणि एक लक्षात ठेव, त्यांचं 'नो' म्हणजे नाहीच असं नसतं. थेरपिस्ट म्हणते, तोंडात तेवढाच शब्द येतो. त्यांचा चेहरा बघत जा."

दोन तास गाडी, मग स्लेजवर बसवून काकांना बर्फावरून ओढत नेलं. तंबूत हीटर लावला, त्यांना खुर्चीवर बसवलं, मांडीवर ब्लँकेट टाकलं. बाहेर आभाळ राखाडी, पण मधूनच ऊन पडत होतं. मी डबा उघडला. ओळीने चमचे, नळ्या, पिसं लावलेले गळ. ते बघून माझं डोकंच चालेना.

चमचा उचलून दाखवला. "नो." पांढरी नळी दाखवली. "नो." हिरवी. "नो." तांब्याचा छोटा चमचा, पिसांचा गळ, परत पांढरी नळी. दर वेळी नो, आणि दर वेळी आवाज जरा चढलेला. डावा हात ते डब्याकडे नेत होते, पण बोटं नेमकी कशावर जायची ते कळत नव्हतं. अर्धा तास हेच चाललं. शेवटी मी ओरडलो, "मग हवंय तरी काय तुम्हाला?"

ओरडलो ते मराठीत. पण सूर काय कळत नाही का? त्यांनी हात मागे घेतला आणि ब्लँकेटखाली ठेवला. चेहरा बघ, असं मुलीने सांगितलं होतं, आणि मी अर्धा तास डब्यात बघत बसलो होतो.

मी पांढरी नळीच बांधली आणि साठ फुटांवर सोडली. थोड्या वेळाने पाण्यातले मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर तळापासून एक रेघ वर सरकायला लागली. मी नळी भराभर वर खेचली, ती रेघ तिच्या मागे आली, आणि गळाची काठी वाकली. मी काठी काकांच्या डाव्या हातात दिली. मासा खाली धावला, रीळ करकरलं. काकांचा अर्धा चेहरा हसला, खरंच हसला. मी रीळ फिरवायला पुढे वाकलो, तेवढ्यात त्यांची मूठ सैल पडली. काठी बर्फावर आपटली आणि सरळ भोकात गेली. मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हाताला काहीच लागलं नाही.

वर बघितलं तर ते रडत होते, आवाज न करता. ब्लँकेट ओलं झालं होतं आणि तंबूत लघवीचा वास पसरला होता. मी माझी स्नोपँट काढून त्यांना घातली. एवढ्या उंचपुऱ्या माणसाचे पाय काठीसारखे झाले होते. मी नुसत्या जीन्सवर स्लेज ओढत गाडीपर्यंत आलो. वाटेत दोनदा थांबून सॉरी म्हणालो. ते समोर बघत राहिले.

मुलीने दारातच माझी पँट त्यांच्या अंगावर बघितली. त्यांना आत नेलं.

मार्चमध्ये ते गेले कॅल्गरीला, आणि ऑगस्टमध्ये वारले. फोन तिचाच आला. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी मासा लागला होता का रे? त्यांना विचारलं की ते नुसते भिंतीकडे तोंड फिरवायचे."

मी सांगितलं, लागला होता, मोठा होता, काठीसकट गेला. त्यांच्याच हातातून गेला, आणि त्याआधी ते हसले होते, हेही सांगितलं.

"हसले?" ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा तेवढंच सांगायला लावलं.

मी ओरडलो होतो, ते मात्र सांगितलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही.