रोह्याहून आणलेले लाल बिल्ले

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की मनुष्यप्राण्याचे एकूण तीनच प्रकार आहेत. हा शोध रोह्यातल्या एका हॉलमध्ये, वडापाव येण्याच्या जरा आधी, आम्हा मास्तरांच्या साक्षीने जाहीर झाला.

जाहीर करणारे तज्ज्ञ कडक इस्त्रीच्या शर्टात होते. आयुष्यात एकाही पोराचं नाक त्यांनी पुसलं नसावं. काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. ज्याला जसं जमतं तसं त्याला शिकवा. इथपर्यंत माझीही मान डोलत होती. इतकी वर्षं मी दुसरं काय करत होतो? पण मग साहेबांनी बिल्ले काढले. डोळेवाल्यांना हिरवा, कानवाल्यांना पिवळा, हातवाल्यांना लाल. एकदा लावला की वर्षभर काढायचा नाही. कुणाला कोणता, हे ठरवायला एक छापील तक्ता होता. त्यातला पहिला रकाना: पालकांचा व्यवसाय!

तो तक्ता मी पेणला परतताना एसटीत भरला. नागोठण्याला सुरुवात केली, गडब येईपर्यंत अख्खा वर्ग उरकला. बाप मिठागरावर? लाल. बाप कंपनीत शिफ्टला? घरात भोंगा ऐकू येत असणार, म्हणजे कान, पिवळा. असलं आमचं शास्त्र.

वर्गात जोह्याच्या गणपती कारखान्यातली एक मुलगी होती. तिला तर विचार न करताच लाल. शिष्यवृत्तीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि तिचं घोडं अपूर्णांकांत अडलं होतं. तिची आई मला भर बाजारात सांगून गेली होती, "गुरुजी, यादीत नाव आलं तर पुढं शिकवीन. नाय तर हाय आपला कारखाना."

पुढच्याच आठवड्यात साहेब वर्ग बघायला आले. शाळेत परीक्षेची मार्गदर्शक पुस्तकं मोजून चार. ती हिरव्यांना दिली. पिवळ्यांना मी मोठ्यानं वाचून दाखवलं. लालांसमोर मातीचे गोळे. माती कुठली? तिच्याच कारखान्यातली. आणि घमेलं डोक्यावर घेऊन आली तीही तीच! याला म्हणे मुलाला केंद्रस्थानी ठेवणं म्हणतात.

"बाळ, याची भाकरी कर," साहेब तिच्यावर ओणवे होऊन म्हणाले, "आणि तिचे आठ सारखे भाग कर हं."

तिचे हात आपसूक चालू लागले. नजर मात्र शेजारच्या बाकावरच्या पुस्तकात रुतलेली. दोन मिनिटांत भाकरीऐवजी गणपतीचा कान तयार झाला, पाळीसकट.

"वा! बघा गुरुजी, कशी रमलीय! हिला पुस्तकाची गरजच नाही!" साहेबांनी मोबाइल काढून तीन फोटो घेतले.

आणि मी? मी पगारी माणूस. दात काढून हसलो.

तिनं तो कान दाबून पुन्हा गोळा केला, साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि साऱ्या वर्गादेखत म्हणाली, "सर, माती आमच्या घरी ढिगानं हाय. पुस्तकच नाय!"