पिवळी चाकं

त्या फिटरला कारखान्यात सगळे सूतभाऊ म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. एवढी चूक इतरांची खपून जायची, भाऊंच्या लेखी तिचा डोंगर व्हायचा. एखादा सुटा भाग हातात आला की ते आधी उजेडाला धरायचे, मग बोटाने चाचपायचे आणि मगच त्याला माप लावायचे. माप बोटाशी जुळलं नाही, तर माप तपासायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत एक टेबल मांडलं. जुनं दार आडवं टाकून केलेलं. त्याला चारऐवजी सहा पाय लावले, कारण चारांवर ते मधोमध केसभर लवत होतं. वर रूळ, एक पूल, एक बोगदा, गाडीचा रूळ बदलणारा एक सांधा आणि वीतभर लांबीची विजेवर चालणारी इंजिनं. काळं, हिरवं, तांबडं आणि एक करडं.

"लोक म्हातारपणी नातवंडं खेळवतात," बायको म्हणाली.

"नातवंडं रुळावर राहत नाहीत," भाऊ म्हणाले.

टेबलाशी दोन स्टुलं होती. एक भाऊंचं, दुसरं चमक्याचं. चमक्या कारखान्यात पॉलिश खात्यात होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या लोखंडात तोंड बघून भांग पाडावा. डावरा असल्यामुळे त्याचं यंत्र उलट्या बाजूने बसवलेलं होतं आणि तो सगळ्या खात्याकडे पाठ करून काम करायचा. डबा मात्र रोज भाऊंच्या शेजारी बसून उघडायचा. भाऊंची बायको आजारी पडून दवाखान्यात होती तेव्हा रात्रपाळी करून थेट तिच्या उशाशी येऊन बसणारा चमक्याच, आणि भाऊंच्या मुलीच्या लग्नात भाऊंच्या आधी रडला तोही चमक्याच.

रोज संध्याकाळी पाचला तो यायचा. दारावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक आणि एकदा तळहाताने थाप. मग दोघं गाड्या सोडत बसायचे. म्हणजे भाऊ सोडायचे, चमक्या बघायचा. इंजिनाला हात लावायचा नाही, हा नियम.

"अरे, नुसतं उचलून बघतो."

"डोळ्यांनी उचल."

मग चमक्या दोन्ही हात काखेत दाबून बसायचा, थंडी वाजल्यासारखा.

आणि एक दिवस काळं इंजिन सांध्यावर अडलं. बोटाने ढकललं तर दोन फेऱ्या नीट धावलं आणि पुन्हा तिथेच अडलं, गाढवाने ओढ्यात बसकण मारावी तसं. भाऊंनी रूळ पुसले. इंजिन उघडून मोटर साफ केली, दाते तपासले, सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला. थेंबच, धार नव्हे. काळं चारच दिवस सुधारलं. तोवर हिरवं उचक्या द्यायला लागलं. मग तांबडं. मग करडं. साथ यावी तशी एकेकाला लागण.

भाऊंना काम चुकलेलं चालायचं नाही, पण कामात चूक सापडली नाही तर ते त्याहून चालायचं नाही. सकाळी चहा झाला की खोलीत जायचे ते जेवायलाच बाहेर. सगळं उघडायचं, आतलं सगळं पुसायचं, पुन्हा जुळवायचं. फेरी सोडायची. सांधा. खट्. थांबलं.

"दुकानदाराने गळ्यात मारलंय तुझ्या," चमक्या म्हणाला. "हल्लीचा माल असाच."

भाऊंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी काळं इंजिन घेऊन ते दुकानात गेले. अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, आत दोन गिऱ्हाइकं उभी. भाऊंनी इंजिन काउंटरवर आपटलं नाही, पण ठेवलं तेही नाही.

"हे इंजिन म्हणून विकलंस की कागदावर ठेवायचं वजन म्हणून?"

दुकानदार मऊ बोलणारा. "काका, चाकं घासली होतीत का कशाने?"

"मी? सगळी हयात लोखंडात गेली माझी. कुठे घासावं आणि कुठे घासू नये, हे तू शिकवणार मला? कचरा विकतोस आणि वर गिऱ्हाइकालाच धडे देतोस!"

हातातल्या वस्तू खाली ठेवून दोन्ही गिऱ्हाइकं निघून गेली. दुकानदाराने त्या वस्तू उचलून परत कपाटात ठेवल्या. भाऊ इंजिन उचलून घरी आले. वाटेतच काय, आजवरच्या उघडझाकीतही त्यांनी एकदाही ते उलटं करून चाकं बघितली नव्हती. कशाला बघतील? चाकांना आपण कधी काही लावलेलं नाही, हे त्यांना स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ते काळ्याचा एक बारीक स्क्रू बसवत होते. स्क्रू निसटला, टेबलाखाली गेला. चमक्याने तो शोधून दिला आणि खालूनच म्हणाला, "भाऊ, राग मानू नकोस. हात थरथरतात तुझे हल्ली. मी कधीपासून बघतोय. वय झालं रे आपलं."

भाऊंनी पेचकस खाली ठेवला. त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

सकाळी त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि हात लांब करून धरला. पाणी हललं का? हललं असावं. की पापणी हलली? माणसाला एकदा शंका आली की स्थिर पाणीही हलताना दिसतं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "पिताय की नुसते धरून ठेवताय?" असं विचारून ती हसली, आणि त्यांचं तोंड बघून हसायची थांबली.

"टेबल काढून टाकतो," भाऊ म्हणाले. "बिघाड इंजिनात नाही. माझ्यात आहे."

जेवण झाल्यावर ते रोज डुलकी काढायचे. त्या दिवशी काढली नाही. फडकी घेतली, खोकी घेतली आणि इंजिनं गुंडाळायला बसले. धुराडं मोडू नये म्हणून काळं इंजिन फडक्यावर उलटं निजवलं. खिडकीतून ऊन येत होतं, ते सरळ चाकांवर पडलं.

चाकं पिवळी होती.

भाऊंनी भिंग आणलं. चाकांवर चांदीसारखा पांढरा मुलामा असतो. रुळांतली वीज चाकांतून इंजिनात शिरते, म्हणून चाकाची कड गुळगुळीत लागते. इथे मुलामा उडून खालचं पितळ उघडं पडलं होतं. पितळावर बारीक ओरखडे, ओरखड्यांत काळी घाण घट्ट बसलेली. वीज शिरणार कुठून? त्यांनी हिरवं उलटं केलं. पिवळं. तांबडं, करडं, दोन्ही पिवळी. चारही इंजिनांची चाकं एकसारखी घासलेली, एकावर कमी नाही, एकावर जास्त नाही. नजर खिळावी असं काम.

आणि ओरखडे सगळे एका दिशेला कललेले. उजव्या हाताने काढले तर पडतात त्याच्या बरोबर उलट.

भाऊ बराच वेळ भिंग धरून बसले. भिंग जराही हललं नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली, "मी झोपलो की चमक्या येतो का?"

"येतात की कधीकधी लवकर. खोलीत बसतात. म्हणतात, उठवू नका वहिनी, झोपू द्या त्याला. भला माणूस."

पाचला दार वाजलं. दोन ठकठक, एक थाप. चमक्या आत येऊन आपल्या स्टुलावर बसला. समोर चारही इंजिनं पाय वर करून पडली होती. त्याने एकदा बघितलं आणि हात काखेत घातले.

"हे कोणी केलं, असं मी विचारत नाही," भाऊ म्हणाले. "का केलंस ते सांग."

"काळं दिसत होतं रे चाकांवर. म्हटलं पुसू. पुसून जाईना. खिशात पॉलिश पेपर असतोच माझ्या. दोन हात मारले."

"पिवळं दिसलं नाही?"

"दिसलं."

"कधी?"

"तेव्हाच."

"मग बाकीच्या तिघांना कशाला हात लावलास?"

चमक्या जमिनीकडे बघत म्हणाला, "एकट्या काळ्याचीच वेगळी दिसली असती. तुझ्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणून सगळी सारखी केली."

बाहेर बायकोने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. भाऊ उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"आणि माझे हात?"

चमक्याने हात काखेत आणखी दाबले.

"माझे हात थरथरतात म्हणालास. कधीपासून बघतोय म्हणालास. मी पेल्यात पाणी भरून बघितलं, गाढवा! त्या दुकानदाराच्या मालाला चारचौघांत कचरा म्हणालो मी, तुझ्या जिवावर!"

"तू कारण सापडल्याशिवाय सोडणार नव्हतास," चमक्या पुटपुटला. "काहीतरी कारण द्यायला हवंच होतं तुला."

"खरं द्यायचं."

"दिलं असतं तर दारातच उभं केलं असतंस मला. ओळखतो मी तुला. सूतभर चुकलं की भर खात्यात माल परत पाठवायचास माझा."

"माल परत पाठवायचो," भाऊ म्हणाले. "तुला कधी पाठवलं? चार शिव्या घातल्या असत्या. मग चहा पाजला असता. मग बसून दोघांनी चाकं बदलली असती. हात लावू दिला असता तुला, एवढ्याच कामाला."

चमक्या उठला. दारात भाऊंची बायको चहा घेऊन आली होती. "हे काय भावजी, निघालात?"

"येतो वहिनी," म्हणत तो कप न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात गेले. गर्दी नव्हती. ते कपाटांकडे बघत थांबले. तीन-चार माणसं आत आल्यावर काउंटरशी गेले आणि मागच्या वेळेइतक्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "तुझा माल चांगला होता. चाकं माझ्या घरात घासली गेली. मी तुला नाही नाही ते बोललो."

दुकानदाराने चाकांच्या जोड्या काढून दिल्या. "बसवून देऊ का, काका?"

भाऊंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "नको."

चारही इंजिनांना उरलेला सगळा दिवस लागला. घाई केली असती तर अर्ध्या वेळात झालं असतं, पण तसं झालेलं काम त्यांना काम वाटत नसे. एकही स्क्रू टेबलाखाली गेला नाही.

काळं पहिल्यांदा सोडलं. पूल, बोगदा, वळण. सांध्यावरून ते नुसतं टक् असा आवाज करून पार झालं.

"बघ!" भाऊ म्हणाले. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

तेवढ्यात दारावर दोन ठकठक, एक थाप.

"भावजी आलेत," बायको खोलीत येऊन म्हणाली. "आत बोलावू?"

भाऊंनी इंजिनावरची नजर काढली नाही. "चहा दे त्याला. दारातच दे."

ती क्षणभर उभी राहिली. मग गेली. बशीचा आवाज झाला, पायरीवर कोणी बसल्याचा झाला. मग चमक्याचा आवाज, वहिनीशी बोलत असल्यासारखा, पण आत पोहोचेल इतका मोठा.

"काळं आहे ना? टकटक काळ्याचीच आहे. सांधा पार झाला वाटतं."

काळंच होतं. भाऊंनी बटण फिरवून वेग वाढवला, बाहेरचं काही ऐकू येणार नाही इतका.