खारबांधावरची तोंडी परीक्षा

आमच्या हायड्रॉलिक्सच्या लॅबमधल्या टाकीत गाळ साचतो ना, तसेच किस्सेही साचतात. अधूनमधून उपसावे लागतात! लॉकडाऊनच्या वर्षाचं तर विचारूच नका. पाणी शिकवायचं, आणि तेही मोबाइलवर!

पहिलंच प्रात्यक्षिक. वाहतं पाणी एका जागी उसळी कशी मारतं ते दाखवायचं होतं. लॅबमधले मोकलकाका माझा फोन धरून उभे. "काका, जरा जवळ न्या," मी म्हटलं. त्यांनी नेला. आणखी जवळ नेला. गुळुप्! काकांच्या फोनवर लगेच साहिलचा कॉल. "सर, शेवटची दोन सेकंदं फारच क्लिअर होती!"

हा साहिल नागावचा. घरच्या नळाचा डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला किती पाणी पडतं, ते बादली लावून मोजा, असा होमवर्क दिला, तर याची तीन रीडिंग्ज तीन तऱ्हेची! मी खवळलोच. खाली निष्कर्ष होता: 'घरातला डिस्चार्ज अम्मी वॉशिंग मशीन कधी लावते यावर अवलंबून असतो.' पैकीच्या पैकी दिले.

मग आली उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरती आली की खारं पाणीच झडप दाबून दार लावून घेतं. मी स्क्रीनवर झडप काढली आणि खाडीकाठच्या खारेपाटातल्या मयूरीच्या मागून तिचे आजोबा कडाडले, "मास्तरला सांग, झडप शेताच्या अंगाला न्हाय, खाडीच्या अंगाला हाय!"

बारा वर्षं मी फळ्यावर उलटीच काढत होतो. वर्गात कुणी चकार शब्द काढला नव्हता!

याच मयूरीच्या ऑनलाइन तोंडी परीक्षेला माझाच जीव टांगणीला लागला. शेवटचं वर्ष. नापास झाली तर ठरलेली नोकरी जाणार. घरात रेंज नाही, म्हणून पोरगी थेट बांधावर, उघाडीपाशी उभी. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच कडक. दोनदा कॉल तुटला.

"आता तुटला तर गैरहजर लावीन!"

मयूरीने शांतपणे उघाडी दाखवली.

"हे गेट बंद करायला ऑपरेटर कोण आहे?"

तिने कॅमेरा खाडीकडे वळवला. भरतीचं पाणी चढत होतं.

"हा काय सर, येतोय ड्युटीवर!"

परीक्षक पहिल्यांदाच हसले. "आणि याची हजेरी?"

"दिवसातून दोनदा, सर. आजवर एक दांडी नाही!"