काकांनी जाळलेलं पिंप

आमचे काका बिअरच्या कारखान्यात लाकडी पिंपं बांधायचे. पिंप आतून जाळायचं आणि त्यात काळी, कडक बिअर वर्षभर मुरवायची, ही तिथली पद्धत. काका घरी आले की काकू दारातच नाक मुरडायची. "आधी तो शर्ट काढा, जळक्या लाकडाचा भपकारा येतोय!" मग तो शर्ट असा घासायची, जणू त्यानेच तिचं घोडं मारलंय.

काका गेले, तेव्हा रडायचं सोडून तिने त्यांचा एकूण एक शर्ट धुतला आणि वाटून टाकला.

परवा काकांच्या हातचं शेवटचं पिंप उघडलं. मालकाने काकूला मानाने बोलावलं. जन्मात दारूला न शिवलेल्या काकूने सगळ्यांसमोर एक घोट घेतला.

"शी! हे कडूजहर लोक पैसे देऊन पितात?"

आम्ही खो खो हसलो. ती मात्र ग्लास नाकाशी धरून बसून राहिली. बिअर कोमट झाली, माणसं पांगली.

"आण, विसळून ठेवतो," मी म्हणालो.

काकू खेकसली, "खबरदार! हा तरी धुवू नकोस."