कुसुमच्या वाट्याची माळ

रायपूरच्या भनपुरीतले दिवाकर साळवे रोज संध्याकाळी सात वाजता रोझरीची माळ हातात घेत आणि सव्वासातच्या आत ती खिळ्याला परत टांगून मोकळे होत. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, पन्नास वेळा 'नमो मरिये'ची प्रार्थना, मध्ये येशू-मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांची रहस्यं, सगळं धडाधड. रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये चौतीस वर्षं ब्रेक फिटर होते. दुसऱ्यांच्या डब्यांना ब्रेक लावण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःच्या तोंडाला लावायचा राहून गेला, असं त्यांची बायको कुसुम म्हणायची. साळवे हसून सोडून द्यायचे, कारण बोलण्यात कुसुमच्या नादी लागून आजवर कोणाचंच भलं झालं नव्हतं.

माळेचा रिवाज साधा आहे. नमो मरियेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, 'पवित्र मरिये'पासूनचा दुसरा अर्धा बाकीच्यांनी. साळव्यांच्या घरी पहिला अर्धा त्यांचा, दुसरा कुसुमचा. चर्चमध्ये सगळी उपासना हिंदीत, पण साळव्यांचे वडील नागपूरहून रेल्वेत आले ते मराठी प्रार्थना सोबत घेऊन, आणि कुसुमचं माहेर वर्ध्याकडचं, म्हणून घरची माळ मराठीतच चाले. मुलगी क्षमा तेवढी लहानपणापासून मध्येच हिंदीतलं 'प्रणाम मरिया' सुरू करायची आणि आईची चापट खायची.

मागच्या जुलैत कुसुम ओट्याशी उभी असताना कोसळली. लकवा. दहा दिवसांनी घरी आली, दिवाळीपर्यंत काठी धरून अंगणात फिरू लागली, डाव्या हाताने जेवू लागली. वाचा मात्र गेली ती गेली. सांगितलेलं सगळं तिला समजे, टीव्हीवरच्या सासू-सुनांवर ती पहिल्यासारखीच डोळे वटारी. पण तोंडातून 'अं' शिवाय काही निघत नसे. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल किंवा येणारही नाही, जे काही यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात. ते वाक्य साळव्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. पुढचा जुलै त्यांना कॅलेंडरमध्ये नुसता बघवेना.

मग माणूस हात धुऊन संतांच्या मागे लागला. हरवलेली वस्तू शोधून देणारे म्हणून संत अंतोनी. वाचाही हरवलेलीच वस्तू, असा त्यांचा हिशोब. आशा संपलेल्यांचे वाली म्हणून संत ज्यूड. दोघांचेही नऊ-नऊ दिवसांचे नोव्हेना त्यांनी एकदमच धरले. आठव्या दिवशी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत अख्खा दिवस गेला आणि प्रार्थना चुकली, तर पठ्ठ्याने दोन्ही नोव्हेना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केले. शेजारपाजारच्या बायकांचे सोळा सोमवार खंडित झाले की त्या असंच करतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. दुसऱ्यांदा सहाव्या दिवशी ताप आला. तिसऱ्यांदा पाहुणे आले. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत साळव्यांना नववा दिवस काही दिसला नाही. नवस म्हणून तंबाखूचा खर्राही सोडला. तेवीस दिवसांनी पुन्हा धरला, तेव्हा दोन दिवस त्यांनी लाजेने घरातल्या संत अंतोनीच्या मूर्तीकडे पाहिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी उलट त्यांच्यावरच चिडून मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

रविवारी क्षमा आली. ती नवा रायपूरमध्ये नोकरीला असते आणि मराठी सगळं समजून उत्तर हिंदीत देते.

"पप्पा, ये क्या है? इनको क्यों घुमा दिया?"

"राहू दे तसंच," साळवे म्हणाले. "किती दिवस झाले सांगून राहिलो मी त्यायले. आयकूनच नाही राहिले."

क्षमाने मूर्ती सरळ केली, पदराने पुसावं तशी ओढणीने पुसली आणि आईकडे पाहिलं. कुसुमचे खांदे हलत होते. ती हसत होती.

या सगळ्यात रोजची माळ मात्र चुकली नाही. कुसुम शेजारी खुर्चीत मणी सरकवत बसायची आणि साळवे पहिला अर्धा म्हणून, दमसुद्धा न घेता, दुसरा अर्धाही स्वतःच म्हणून टाकायचे. ते तिच्यावरच्या मायेपोटी. तिला येत नाही, मग तिचं ओझं आपण उचलावं, एवढाच सरळ विचार. शिवाय एकट्याने म्हटल्यामुळे दोनेक मिनिटं वाचतही होती.

तीन फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण आला. हे गळ्याचे संत. त्या दिवशी दोन मेणबत्त्या फुलीसारख्या बांधून फादर एकेकाच्या गळ्याशी धरतात आणि आशीर्वाद देतात. साळव्यांना वाटलं, अरे, हे आपल्या आधीच कसं लक्षात आलं नाही. आपण भलत्याच खात्यात अर्ज करत बसलो. ऑटो करून ते कुसुमला चर्चमध्ये घेऊन गेले. फादर अनुरंजन जशपूरकडचे, शांत माणूस. त्यांनी कुसुमच्या गळ्याशी मेणबत्त्या धरल्या, जरा जास्तच वेळ धरल्या. मग मागे उभ्या असलेल्या साळव्यांच्याही गळ्याशी धरल्या. माझं काय, मी ठणठणीत आहे, असं साळवे पुटपुटले, पण रांग लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आवाज नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी धूळ म्हणा, चर्चमधून परतताना ऑटो थांबवून खाल्लेले गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी म्हणा, गळा पार बसला होता. कुसुम जशीच्या तशी, आणि हे मात्र मुके. संताने चुकीचा गळा धरला अशी त्यांची पक्की खात्री झाली आणि दिवसभर ते आलं घातलेला चहा पीत धुसफुसत राहिले.

सातला सवयीने माळ हातात घेतली. मनातल्या मनात म्हणावी, असं एकदा वाटलं, पण कुसुम तिची माळ घेऊन येऊन बसलीच होती. त्यांनी कसाबसा सुरू केला पहिला नमो मरिये. घोगरा, फाटका आवाज. अर्ध्यावर आले आणि दम संपला. खोकला आला. त्यांनी गरम पाण्याचा पेला उचलला.

"पवित्र मरिये," कुसुम म्हणाली, "देवाच्या माते."

साळव्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. कुसुम पुढे म्हणत गेली. जड जिभेने, एकेक शब्द ओढत, पण एकही न गाळता, थेट आमेनपर्यंत. आणि मग तिने मणी सरकवला आणि नवऱ्याकडे पाहिलं, की आता तुमची पाळी.

पन्नासच्या पन्नास तिने म्हटले. साळवे प्रत्येक वेळी आपला अर्धा घोगऱ्या आवाजात टाकत आणि घाबरून थांबत, आणि प्रत्येक वेळी ती म्हणे. माळ संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, "कुसुम, पाणी पाहिजे का तुले? पाणी म्हण." तिने तोंड उघडलं. 'अं' एवढंच निघालं.

कुसुमला बोलायला शिकवणाऱ्या राधिका मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या, चित्रांचे कार्ड दाखवून 'पानी', 'चाय', 'रोटी' म्हणवून घ्यायचा प्रयत्न करायच्या. त्यांना हे सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, गाणं, आकडे बरेचदा शाबूत राहतात, म्हणाल्या. आपण मनाने जुळवलेलं वाक्य ही वेगळी गोष्ट. पण ही वाट उघडी आहे ही चांगली खूण. आणि मग त्यांनी सहज विचारलं, "इतने दिन पता कैसे नहीं चला? आप लोग तो रोज़ साथ में करते हैं ना?"

उत्तर साळव्यांना माहीत होतं. सात महिने रोज पन्नास वेळा तिची पाळी येत होती आणि रोज पन्नास वेळा ते ती हिसकावून घेत होते. तिने कितीदा तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल, ते त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मागच्या अंगणात जाऊन ते रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि मग तोंड धुऊन चर्चमध्ये गेले.

फादर अनुरंजन बागेत पाईप धरून उभे होते. साळव्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही नोव्हेना, खर्र्याचा मोडलेला नेम, भिंतीकडे केलेले अंतोनी, काही लपवलं नाही. फादर ऐकत होते आणि अबोलीच्या झाडांना पाणी देत होते.

"एक दिन छूट गया तो फिर एक से शुरू?" त्यांनी विचारलं. "कितनी बार?"

"पाँच बार, फादर."

फादर हसले. म्हणाले, "साळवे जी, आपने इतने संतों से बात की। किसी को बोलने का मौका भी दिया क्या?"

साळवेही हसले, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य त्यांना चावत राहिलं. त्यांना ब्रेक कळत होता. गाडी थांबवणं हे गाडी चालवण्याइतकंच काम आहे, हे नव्या पोरांना शिकवण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. प्रार्थनेलाही तो असतो, हे त्रेसष्टाव्या वर्षी समजत होतं.

त्यानंतर साळव्यांची माळ पाऊण तासाची झाली. आपला अर्धा म्हणायचा आणि गप्प बसायचं. पहिले काही दिवस ती गप्प बसण्याची शिक्षाच वाटली. जीभ नुसती वळवळायची. कुसुम कधी लगेच सुरू करे, कधी एका शब्दाशी अडून बसे. मे महिन्यात रायपूर तापलं तशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सातला कूलर बंद करू लागले, म्हणजे तिचा आवाज नीट ऐकू यावा. घामाने दोघांचे कपडे भिजत. क्षमा आली की पंख्याखाली सरकून म्हणायची, "पप्पा, गर्मी से मर जाएँगे हम लोग." पण तीही बसायची आणि आईबरोबर दुसरा अर्धा मराठीत म्हणायची.

त्या थांबण्याच्या फटीत साळव्यांना भलतंच काही सुचू लागलं. आनंदाच्या रहस्यांत मरियेने आपल्या नात्यातल्या एलिझाबेथची भेट घेतली ते रहस्य त्यांनी हजारो वेळा म्हणून टाकलं होतं. आता एकदा कुसुम अडलेली असताना त्यांच्या मनात आलं, की या एलिझाबेथचा नवरा तर मुका झाला होता. म्हातारपणी मूल होईल या देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून नऊ महिने वाचा बंद. मग त्या बाईने कसे काढले असतील ते नऊ महिने? सकाळी उठल्यावर त्याच्याशी काय बोलत असेल? भाजीला काय करू, हे कसं विचारत असेल? तेव्हापासून ती म्हातारी साळव्यांच्या फार ओळखीची झाली. तिच्याकडे त्यांनी काही मागितलं नाही. मुक्या माणसाबरोबर राहणं तिला माहीत आहे, एवढंच पुरे वाटे, आणि दुपारी कुसुमचे केस विंचरून देताना ते तिच्याशी मनात थोडं बोलत. अंतोनी आणि ज्यूड यांच्याशीही मग भांडण राहिलं नाही. नोव्हेनाचा एखादा दिवस चुकला तर साळवे दुसऱ्या दिवशी पुढचा म्हणत. जुलै जवळ येत होता, ते त्यांना दिसत होतं. भीती गेली नव्हती. पण रोज सातला बसायला आवडायचं, आणि असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघंच होती. प्रत्येक दशकाच्या आधी ते दशक कोणासाठी, हे घरात मोठ्याने सांगायची पद्धत होती. साळव्यांनी पहिलं आजारी माणसांसाठी सांगितलं, दुसरं क्षमासाठी, तिसरं आणि चौथं रोजच्यासारखं कुसुमच्या वाचेसाठी. पाचव्याला त्यांनी तोंड उघडलं, तोच कुसुमने डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला.

तिने मान हलवली. हे नको.

"मग कोणासाठी?" त्यांनी विचारलं, आणि सवयीप्रमाणे थांबले.

कुसुमचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. साळव्यांना माहीत असलेल्या कुठल्याही प्रार्थनेत ती शोधत होती तो शब्द नव्हता, त्यामुळे तिला मदत करणंही शक्य नव्हतं.

"दि," ती म्हणाली. "दिवा... कर."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. अहो, क्षमाचे पप्पा, लोकांसमोर 'आमचे हे'. राशन कार्डासाठी नाव सांगायची वेळ आली तरी ती क्षमाला पुढे करायची. आणि इतके महिने हा माणूस साऱ्या स्वर्गाला तिच्यासाठी विनवत होता, तेव्हा त्याच्यासाठी कोणी काही मागितलं नव्हतं. निदान असं त्याला वाटत होतं.

पाचव्या दशकातल्या पहिल्या नमो मरियेचा पहिला अर्धा भाग साळव्यांनी म्हणायचा होता. त्यांनी सुरू करून पाहिला, पण गळ्यातून आवाज फुटेना. कुसुमने त्यांच्या वाट्याचे शब्द म्हणून टाकले नाहीत. ती बोटात मणी धरून त्यांच्याकडे बघत शांतपणे थांबली.