अळूवडी आणि पांढरी वाइन

कुठली वाइन कशाबरोबर प्यावी, हे मी माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला शिकवलं, हा माझा मूर्खपणा. परवा शेजारून अळूवडी तळल्याचा वास आला आणि सगळं आठवलं. हिंजवडीच्या आयटी कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसायचो आणि दोघांपैकी एकालाच अमेरिकेला पाठवणार होते. तिकडचे पाहुणे आले तेव्हा साहेबांनी नाशिकच्या वाइनसोबत मराठी जेवण ठेवलं. आदल्या दिवशी मी मित्राला घरी बोलावून रंगीत तालीम केली. चिंचगुळाच्या अळूवडीबरोबर थंडगार पांढरी शेनिन ब्लाँ, काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर लाल शिराझ. "मला यातलं ओ की ठो कळत नाही रे, उद्या तूच बोल," म्हणत त्याने ताटभर वड्या फस्त केल्या. दुसऱ्या दिवशी मी घसा खाकरतोय तोवर त्याने माझं वाक्यन् वाक्य पाहुण्यांना ऐकवलं. "अळूची खाज चिंच जिरवते आणि चिंचेचा तोरा वाइन," हा माझा विनोदसुद्धा सोडला नाही. पाहुणे खूश झाले आणि अमेरिका त्याची झाली. हल्ली मी शेनिन ब्लाँ एकटाच पितो, कुणाला काही सांगत नाही. पाहुण्यांच्या त्या जेवणात मात्र मी वडी चावत होतो, तेवढ्यात साहेब मित्राकडे बोट दाखवून मला म्हणाले, "अहो, नुसतं खाताय काय? यांच्याकडून काही शिका!"