भोंगेरावांचा गुपचूप मंत्र

जुन्या फर्निचरचे लिलाव पुकारणाऱ्या आमच्या मित्राला सगळे भोंगेराव म्हणतात, आणि आता त्यांनाही तेच बरं वाटतं. आयुष्यभर "एक वार, दोन वार" ओरडून त्यांना हळू बोलायची सवयच राहिलेली नाही. ते दुसऱ्या गावी फोन लावतात तेव्हा शेजारी म्हणतात, "फोन कशाला, खिडकी उघडा. जाईल तिकडे." कुणाच्या सांत्वनाला जायचं झालं तर ते दाराबाहेर थांबतात आणि त्यांचा थोरला भाऊ आत जाऊन दोघांच्या वतीने बोलतो.

असा हा माणूस दर रविवारी दुपारी एक अबोल, लाजरा, म्हातारा जादूगार होतो.

दातांच्या डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत आम्ही चौघं खेळतो. डॉक्टर गोष्ट सांगतात. राजा, राक्षस, पहारेकरी, सगळं त्याच. बाकी आम्ही त्या गोष्टीतली माणसं: वायरमन चोर, मी वैद्य आणि भोंगेराव जादूगार. आपण काय करणार ते सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. एक नियम मात्र कडक. खेळाडूला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या पात्राला ठाऊक नसेल, तर ती वापरायची नाही. तुमच्या कानांनी सगळं ऐकलेलं असतं, पण तुमचं पात्र तिथे नव्हतं ना? मग बसा अडाण्यासारखे. आमची निम्मी भांडणं यावरूनच होतात.

त्या रविवारी आम्ही राजाच्या किल्ल्यात अडकलो होतो. राजाचा हुकूम असा की इतर कुणी सापडलं तर कोठडी, जादूगार सापडला तर फाशी. डॉक्टरांच्या खेळात मेलेला माणूस परत येत नाही. भोंगेरावांनी त्या म्हाताऱ्याला कित्येक वर्षं जिवापाड सांभाळलं होतं. त्याचं बोटभर लाकडी बाहुलं ते रुमालात गुंडाळून आणत.

वेशीवर एकच पहारेकरी होता.

"मी त्याच्यावर झोपेचा मंत्र टाकतो," भोंगेराव म्हणाले. "गुपचूप."

"मंत्र तोंडाने म्हणावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या.

"मग हळूच म्हणतो."

वायरमन खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "भोंगेराव, तुम्ही हळूच शिंकलात तरी समोरच्या गॅरेजवाल्याला वाटतं, ट्रक सुरू झाला!"

डॉक्टरांना युक्ती सुचली. "आज फासा नको. आत आमच्या आई बसल्यात. त्यांना ऐकू गेलं तर पहारेकऱ्याला ऐकू गेलं."

आई म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाई. दवाखान्याला लागूनच घर, मध्ये फक्त पडदा.

भोंगेरावांनी डोळे मिटले आणि त्यांच्या मते पुटपुटले.

"ऐकलं!" पडद्यामागून आवाज आला. "पकडा मेल्याला!"

भोंगेराव ताडकन उठले. "हे चालणार नाही! आजींना माहीत आहे मी मंत्र म्हणणार. त्या कान टवकारून बसल्यात. पहारेकऱ्याला काय माहीत? तो बिचारा उभ्या उभ्या पेंगतोय. बाहेरचं ज्ञान आत आणायचं नाही, हा नियम आजींना नाही का?"

"मी कुठे खेळतेय?"

"तेच तर म्हणतोय मी, आजी!"

मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरांनी आणखी एक संधी दिली, पण आधी चोराने पहारेकऱ्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. म्हणून वायरमन पडद्याआड गेला आणि आजींना त्यांच्याच घराचं वायरिंग समजावू लागला. फेज, न्यूट्रल, अर्थिंग. मीटरपासून थेट गिझरपर्यंत.

इकडे भोंगेरावांनी बाहुलं मुठीत धरलं. मानेच्या शिरा टरारल्या, कपाळावर घाम आला. सागवानी कपाट विकतानाही मी त्यांना इतकं दमलेलं पाहिलं नव्हतं. ओठ हलले. बस, तेवढंच.

वायरमन बाहेर आला. "आजी झोपल्या."

"लागला मंत्र!" मी म्हणालो.

"कसला मंत्र?" डॉक्टर म्हणाल्या. "मी हातभर अंतरावर आहे, मला काही ऐकू आलं नाही. म्हटलाच नाही तर लागेल कसा?"

"ऐकू येऊ नये म्हणूनच तर गुपचूप!" वायरमन म्हणाला.

"आई तुझ्या अर्थिंगने झोपल्या."

"कशाने का होईना, झोपल्या ना? मी वेस उघडतो."

"थांब," मी म्हणालो. नियम म्हणजे नियम. "तुझ्या चोराला कळलं असेल, पण माझ्या वैद्याला कुणी सांगितलंय? तो कोपऱ्यात लपलेला आहे. तो हलणार नाही."

"अहो काका, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"मी नियमाच्या बाजूने आहे!"

मग तिघांचेही आवाज चढले. एकटे भोंगेराव पाण्याच्या पिंपाशेजारी उभे राहून, ओठांवर बोट ठेवून, दुसऱ्या हाताने माशा हाकलल्यासारखे आम्हाला गप्प करत होते.

पडदा सरकला. सासूबाई उभ्या होत्या. चष्मा आतच राहिला होता.

"काय हा कालवा! चोर कोठडीत. वैद्य आत. आणि सूनबाई, तूही आत!"

"आई, मी गोष्ट सांगणारी आहे!"

"ओरडत तूही होतीस." मग त्यांनी डोळे बारीक करून खोलीभर पाहिलं. "आणि तो बोंबलणारा कुठाय? आवाज नाही त्याचा. निसटला वाटतं."

भोंगेरावांनी श्वाससुद्धा रोखला होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि हात टेकले. आईंचे कान म्हणजे पहारेकऱ्याचे कान, हा नियम त्यांनीच केला होता.

"जादूगार वेशीबाहेर," त्या म्हणाल्या.

भोंगेरावांनी बाहुलं अलगद उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं, बाहेर तोंड करून. आमच्या बाहुल्या डॉक्टरांनी चूळ भरायच्या ग्लासाखाली डांबल्या.

संध्याकाळी भोंगेरावांच्या बायकोचा डॉक्टरांना फोन आला. "अहो, यांची दाढ काढलीत का? आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. आणि नुसते हसतायत."